व्यायलेल्या गायींची महिन्याची सोनोग्राफी तपासणी: आमच्या गोठ्यातला अनुभव

संगमनेर तालुक्यात आमच्या नऊ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाच्या संकरित-विदेशी जातीच्या) गायी आहेत. मागच्या दिवाळीपासून एक खासगी पशुवैद्यक दर महिन्याला येऊन व्यायलेल्या गायींची पिशवी (गर्भाशय) सोनोग्राफी मशीनवर तपासतात. गायीमागे 200 रुपये, औषधाचे वेगळे.

ही तपासणी लावली ती आमच्या मोगरा गायीमुळे. तिसऱ्या वेताला तिची वार (वासरानंतर पडणारी जार) अडकली आणि गावातल्या एकाने हात घालून ओढून काढली. दावं मीच धरलं होतं. तेव्हा बरंच वाटलं, पण नंतर भरवली (रेतन केलं) की उलटायची, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर यायची. चार रेतनं वाया गेली.

डॉक्टरांनी मला शेजारी उभं करून पडदा दाखवला. पिशवीत काळ्या पाण्यात रव्यासारखे पांढरे कण हलत होते. "ताई, हा पू. यात गर्भ कसा राहील?" बीजांडकोशावर पीतपिंड (माज रोखून धरणारी गाठ) होता म्हणून त्यांनी तो विरघळवणारं पीजीचं (प्रोस्टाग्लँडिन) इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी ती माजावर आली, बळसाबरोबर (माजातल्या चिकट स्रावाबरोबर) पुष्कळ घाण पडली. तो माज त्यांनी भरवू दिला नाही. मला घाई झाली होती, तरी ऐकलं. पुढच्या माजाला बळस काचेसारखा आला, सकाळी माज दिसला म्हणून संध्याकाळी भरवली. 32 व्या दिवशी त्याच पडद्यावर इवलं काळीज धडधडताना बघितलं आणि माझे डोळे भरून आले.

साखरी या दुसऱ्या गायीची वार 12 तास पडली नाही तेव्हा मी घाबरून फोन केला. ओढू नका, वजन बांधू नका, रोज ताप मोजा; 103 फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सोडला किंवा सडका वास आला तर लगेच कळवा, एवढंच सांगितलं. ताप आला नाही, पाचव्या दिवशी वार आपोआप पडली. तिसाव्या दिवशी पिशवी स्वच्छ निघाली. 65 व्या दिवशी भरवली, पहिल्याच रेतनाला गाभण.

आटलेल्या गायींना नुसता कडबा घालत होतो, तेही त्यांनीच पकडलं. व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांत खनिजं आणि जीवनसत्त्व ई कमी पडलं तरी वार अडकते, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रारी दोन. सकाळी येतो म्हणतात आणि दुपारी येतात, तोवर गायी बांधून ठेवाव्या लागतात. अहवाल इंग्रजीत देतात, तो मला मुलाकडून वाचून घ्यावा लागतो. मराठीत द्या म्हणून दोनदा सांगितलंय.

तरी पाच-सहा गायी असल्या तरी ही तपासणी लावाच. गाय उलटायची वाट बघू नका, व्यायल्यावर महिन्याभरात दाखवा. व्यायल्याची तारीख आणि वार पडल्याची वेळ वहीत लिहून ठेवा, आल्या आल्या ते तेच विचारतात.