हरवलेलं ग्रीन कार्ड, पासपोर्टवरचा शिक्का आणि भारतवारी: माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, शिक्क्याला पाचपैकी पाच, एअरलाइनच्या काउंटरला दोन, आणि ज्या कन्सल्टंटकडे मी सगळ्यात आधी धावले त्याला शून्य, कारण शून्याखाली देता येत नाही.

झालं असं की इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर किराणा घेतला, पार्किंगमध्ये पिशव्या गाडीत टाकल्या आणि छोटा पाउच राहिला कार्टमध्येच. घरी येऊन कोथिंबीर निवडायला बसले तेव्हा आठवलं. परत गेले तर कार्ट होती, पाउच नव्हता. लायसन्स, दोन क्रेडिट कार्डं आणि ग्रीन कार्ड. आता म्हणाल ते कशाला बरोबर घेऊन फिरायचं, तर कायद्याने अठरा वर्षांवरच्या माणसाने ते जवळ बाळगायचंच असतं, त्यामुळे नवऱ्याला सुद्धा काही बोलता आलं नाही. (तरी बोललाच.)

पोलिसात रिपोर्ट केला, त्याच रात्री ऑनलाइन आय-९०, म्हणजे नवीन कार्डाचा अर्ज, भरला, ४१५ डॉलर. कागदावर भरला तर ४६५ पडतात. रिसीट नोटीस, म्हणजे अर्जाची पोच, आली, मला वाटलं झालं काम. नवव्या दिवशी पहाटे वहिनीचा फोन, बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागणार. पुण्याला जायचंच होतं. जायला काही अडचण नाही हो, पासपोर्ट भारतीय, आपल्याच घरी जायला कोण अडवतंय? प्रश्न परत यायचा. कार्ड नाही तर विमानात बसवत नाहीत, साधी गोष्ट.

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो, माझाही झाला. मुदत संपलेल्या कार्डासाठी आय-९० भरला तर रिसीट नोटीसवर लिहिलेलं असतं की कार्डाची मुदत वाढली, सप्टेंबर २०२४ पासून ती वाढ ३६ महिन्यांची केलीय, आधी २४ होती. पण ती नोटीस त्या जुन्या कार्डाबरोबर दाखवायची असते. ज्याच्याकडे कार्डच नाही त्याने नुसती नोटीस दाखवून काय उपयोग, म्हणजे बांगडीच नाही आणि बांगडीची पावती दाखवायची असं झालं.

तर घाबरून मी एका कन्सल्टंटकडे गेले, ऑफिस बिफिस छान, टेबलावर गणपती. त्याने २०० डॉलर घेतले आणि म्हणाला ॲडव्हान्स पॅरोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत यायच्या आगाऊ परवानगीचा, अर्ज टाकू. मी मान डोलवली, मला काय कळतंय. घरी येऊन वाचलं तर ॲडव्हान्स पॅरोल हे ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय त्यांचं प्रकरण! माझ्याकडे कायम रहिवाशाचं स्टेटस आहे, फक्त प्लास्टिक हरवलंय. कार्ड गेलं म्हणून स्टेटस जात नाही, एवढं साधं वाक्य त्या माणसाने मला सांगितलं नाही.

मला हवा होता तो शिक्का. आय-५५१ स्टॅम्प म्हणतात, कोणी ॲडिट स्टॅम्प म्हणतात, एकच गोष्ट. पासपोर्टच्या कोऱ्या पानावर मारतात, कायम रहिवासी असल्याचा तात्पुरता पुरावा, जास्तीत जास्त एक वर्षाचा, आणि फी शून्य. हो, शून्य. यूएससीआयएसच्या, म्हणजे ग्रीन कार्डं देणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करायचा, आधी मशीन बोलतं, त्याला ‘ॲडिट स्टॅम्प’ असं स्पष्ट म्हणायचं, मग माणूस येतो. माझ्याशी बोललेली बाई फार शांत होती. २०२३ पासून फोटो लावलेला कागद घरी पोस्टाने पाठवायचीही सोय झालीय, तिने ती आधी विचारली. मी म्हटलं बाई, माझे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. तिने इमर्जन्सी लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी परत फोन आला, डॉक्टरांचं पत्र आणि तिकीट तयार ठेवा म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळची अपॉइंटमेंट मिळाली, नेवार्कला ब्रॉड स्ट्रीटवर.

सुरक्षा तपासणीत बेल्ट बूट सगळं विमानतळासारखंच. आत नंबर आला, खिडकीत काकाच म्हणावेत असे एक ऑफिसर. त्यांनी पासपोर्ट, नोटीस, पोलीस रिपोर्ट बघितला, बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतला आणि मग पासपोर्टची पानं चाळत बसले. म्हणजे कोरं पान शोधत होते. माझ्या पासपोर्टात नोकरीचे जुने एच-वन व्हिसे, शिक्के, एका पानावर पूर्वी कधीतरी चहा सांडलेला. शेवटी एक पान सापडलं, शिक्का दाबला, तारीख पेनाने लिहिली, आणि शाई ओली होती म्हणून वर टिश्यू ठेवून पासपोर्ट हळूच मिटला, जसं आजी पोथीत मोरपीस ठेवायची तसं. वीस मिनिटांत मी बाहेर. फुकट आणि इतकं नीट काम हल्ली बघितलंय का कुठे?

बाबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, मी तिथे तीन आठवडे राहिले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

परतीचा दिवस. मुंबई टी-टू, रात्रीची वेळ, आखातातून जाणारं विमान, एअरलाइनचं नाव घेत नाही. बॅग काट्यावर ठेवली, २४ किलो ६००, परवानगी २३ ची, आत आईने दिलेला गोडा मसाला, चकल्या आणि लिंबाचं लोणचं. मी मनात म्हणतेय लोणच्यावरून वाद होणार. काउंटरवरची मुलगी मात्र पासपोर्टातच अडकली. “मॅम, कार्ड?” म्हटलं हरवलंय, शिक्का आहे. तिने पानं उलटली आणि २०१९ ला संपलेल्या व्हिसावर बोट ठेवलं, “मॅम, हा तर एक्स्पायर आहे.” मी म्हटलं तो नाही गं, पुढे, अजून पुढे, चहाच्या डागानंतरचं. तेव्हा ती मराठीत आली, “ताई, असा शिक्का मी नाही बघितला कधी, सरांना बोलावते.”

सर आले. सरांनीही नव्हता बघितला. त्यांनी स्क्रीनवर नियम बघितले, पानाचा फोटो काढला, कुठेतरी फोन लावला, मला बाजूला उभं केलं. पन्नास मिनिटं! मागची अख्खी लाइन माझ्याकडे बघतेय, एक आजोबा तर विचारून गेले की काय पकडलं. मला त्यांचा राग नाही येत पूर्ण, कारण कागद पुरेसे नसलेला प्रवासी नेला तर अमेरिका एअरलाइनला दंड लावते, म्हणून ते हात राखून वागतात. पण शिक्क्यात इंग्लिशमध्ये चक्क लिहिलंय की हा कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा, अमुक तारखेपर्यंत वैध. वाचायचं कुणी? सगळ्यांचे डोळे हिरवं प्लास्टिक शोधत असतात. शेवटी मीच फाइलमधून आय-९० ची नोटीस, पोलीस रिपोर्ट आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्स बघून सरांचा चेहरा सैल झाला, खरं म्हणजे तिला काडीची किंमत नाही, पण त्यावर कार्डाचा फोटो होता ना! बोर्डिंग पास मिळाला. दोन स्टार त्या मुलीसाठी, तिने पाणी आणून दिलं. आणि त्या गडबडीत बॅगेच्या जादा वजनाचं कुणाला सुचलंच नाही.

पुढे आपल्या इमिग्रेशनवाल्याने शिक्का बघितला, मान हलवली, दोन मिनिटं. मधल्या विमानतळावर गेटशी परत एकदा तेच, पण दहा मिनिटांत. आणि न्यूयॉर्कला जेएफके विमानतळावर ऑफिसरने एवढंच विचारलं की कार्ड हरवलं का, नवीन मागवलंय का. मग खाण्याचं काय काय आणलंय ते मात्र खोदून खोदून.

ज्यांचं कार्ड भारतात असताना हरवतं त्यांची गोष्ट वेगळी. माझा धाकटा दीर दिवाळीला पुण्यात रिक्षात पाकीट विसरला. त्याला हा शिक्का नाही मिळाला, त्याला आय-१३१ए, म्हणजे कार्डाशिवाय परतीच्या विमानात बसू देण्याचा अर्ज, भरावा लागला, फी ५७५ डॉलर, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये, आधी ऑनलाइन भरायची आणि मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये स्वतः जायचं. तिथे पासपोर्टात व्हिसासारखा एक कागद चिकटवून देतात, बोर्डिंग फॉइल म्हणतात, त्याची मुदत थोडीच असते, जास्तीत जास्त तीस दिवस, त्यामुळे तिकीट पुढे ढकलत बसता येत नाही. आणि हे अमेरिकेबाहेर एक वर्षाच्या आत असलेल्यांसाठी, रीएंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत यायचा परवाना, असेल तर दोन वर्षं. त्याला एअरलाइनने एक प्रश्न विचारला नाही, फॉइल बघितलं आणि सोडलं, ते त्यांच्या ओळखीचं असतं बहुतेक. पन्नास हजारांत ओळख मिळते म्हणायचं.

दहा वर्षांचं कार्ड नुसतं मुदत संपलेलं असेल आणि हातात असेल तर एवढं काही करावं लागत नाही, त्यावर एअरलाइन बसवू शकते, म्हणून जुनं कार्ड संपलं की कात्री लावायची घाई करू नका, माझ्या मैत्रिणीने लावली होती.

माझं नवीन कार्ड पाच महिन्यांनी पोस्टाने आलं. कन्सल्टंटने २०० डॉलर अजून परत केलेले नाहीत, फोन केला की मीटिंगमध्ये असतो.