एकच पस्तीसची लेन्स, दोन कॅमेरे: जुन्या घडणीच्या मॅन्युअल लेन्स घेण्याआधी

माझी व्हॉइग्टलेंडर नोक्टन क्लासिक ३५ एफ १.४ ही लेन्स दोन घरांत नांदते. (३५ ही मिमीमधली फोकल लेंग्थ, आकडा लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी. एफ १.४ हे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं.) आठवडाभर ती माझ्या सोनी ए७ टू वर असते. हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, आणि फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा. मित्र त्याचा लायका एम६ हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा वापरायला देतो त्या रविवारी ती त्यावर चढते. लेन्स तीच, हात तेच, गल्ल्याही पुण्याच्या त्याच. तरी दोन्हीकडून येणारे फोटो वेगळे असतात आणि चुकाही वेगळ्या असतात. "अशी लेन्स घेऊ का, आणि घेतली तर कशावर लावू?" असं मला विचारणाऱ्यांसाठी हे सगळं एकदा लिहून ठेवतो.

अशा लेन्सची हल्ली रेलचेल आहे. दिसायला पन्नास-साठच्या दशकातल्या, अंग धातूचं, फोकस फिरवताना बोट अडकवायला छोटासा कान, आणि लायकाच्या एका लेन्सच्या पैशांत अशा पाच-सहा सहज याव्यात. व्हॉइग्टलेंडर हे नाव १७५६ सालच्या व्हिएन्नातलं, पण १९९९ पासून या नावाने लेन्स बनवते ती जपानची कोसिना. त्याहून स्वस्तात चिनी कंपन्या आहेत, टीटीआर्टिझन आणि सेव्हनआर्टिझन्स. आणि खरोखरच्या जुन्या हव्या असतील तर ज्युपिटर, इंडस्टार, हेलिओस ही सोव्हिएत मंडळी आहेतच.

माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या जोडाचा, हिशोब आधी उरकून घेऊ. लायकाचा एम माउंट १९५४ साली एम३ बरोबर आला. त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी. सोनी ई मध्ये हेच अंतर १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६, फुजी एक्समध्ये १७.७, कॅनन आरएफमध्ये २०. म्हणजे कुठल्याही मिररलेसवर एम लेन्स लावली की मध्ये जागा उरते आणि तिथे अडॅप्टर बसतो. त्यात काच नसते, नुसती धातूची कडी. उलटा प्रवास मात्र नाही. सोनीच्या माउंटची लेन्स लायकावर कधीच बसणार नाही. म्हणून फुल फ्रेम मिररलेस असेल आणि पुढेमागे बॉडी बदलायचा विचार असेल, तर लेन्स एम माउंटचीच घ्या. फुजीवाल्यांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी थेट एक्स माउंटच्या मॅन्युअल लेन्स इतक्या स्वस्तात मिळतात की एम लेन्स आणि वर अडॅप्टर हा खर्च उगाच होतो. शिवाय लहान सेन्सरमुळे ३५ ची लेन्स तिथे ५० सारखी दिसते.

फोकस: खरा निर्णय इथेच होतो

रेंजफाइंडर लेन्समधून पाहत नाही, हे नीट लक्षात घ्या. तुम्ही बाजूच्या खिडकीतून बघता. मधल्या उजळ चौकोनात दोन प्रतिमा दिसतात आणि लेन्स फिरवून त्या एकावर एक बसवायच्या. लेन्सच्या पाठीमागचा कॅम, म्हणजे फोकसबरोबर मागेपुढे सरकणारा धातूचा भाग, कॅमेऱ्यातल्या छोट्या चाकाला ढकलतो आणि त्यावरून कॅमेरा अंतर ओळखतो. कॅमेऱ्याची जुळणी, लेन्सचा कॅम आणि तुमचा डोळा, या तिघांपैकी एकजण जरी चुकला तरी खिडकीत सगळं छान दिसतं. चूक कळते ती फिल्म धुऊन आल्यावर.

मला ती अशी कळली. मावसबहिणीच्या साखरपुड्याला एम६ वर ५० ची एक स्वस्त, भलत्याच मोठ्या ॲपर्चरची नवी लेन्स घेऊन गेलो होतो. छत्तीस फ्रेम काढल्या. स्कॅन आले तेव्हा नवरीच्या कानातल्या झुब्याची जाळी मोजता यावी इतकी स्वच्छ, आणि डोळे मात्र धुक्यात. प्रत्येक क्लोजअपमध्ये तेच. घरी येऊन तीच लेन्स सोनीवर लावली, तर पापण्या न् पापण्या दिसल्या. काच उत्तम होती, कॅम चुकीचा घासलेला होता. हिशोबच करा: ५० मिमी, एफ १.१, अंतर एक मीटर. फोकसमध्ये राहणारी पट्टी सगळी मिळून सुमारे अडीच सेंटिमीटरची. कॅम केसभर जरी चुकला तरी डोळ्यावरचा फोकस कानावर जातो.

काही चिनी लेन्सच्या डब्यात छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फोकस तपासायचा छापील तक्ता असतो. तो भेट म्हणून दिलेला नसतो. कॅम जुळवायचं काम तुमच्यावर सोपवलेलं असतं. डिजिटल लायका हाताशी असेल तर हे तासाभराचं काम, कारण पट्टी तिरकी ठेवून फोटो काढला की लगेच कळतं. नुसती फिल्मची बॉडी असेल तर या भानगडीत पडू नका. अशा कंपन्यांची लेन्स घेतलीत तर एफ २ किंवा त्याहून लहान ॲपर्चरचीच घ्या आणि निवांत राहा.

सोव्हिएत लेन्सचं दुखणं याच जातीचं. ज्युपिटर-८ ही ५० एफ २ ची, झाइस कंपनीच्या सोनार या लेन्सवर बेतलेली, पोर्ट्रेटला फार गोड लेन्स. पण तिची घडण ५२.४ मिमी फोकल लेंग्थच्या मापाला धरून आहे आणि लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी गृहीत धरतो. दूरचं ठीक येतं, जवळ आलात की फोकस घसरतो. झोर्की किंवा फेड या तिच्या माहेरच्या कॅमेऱ्यांवर अडचण नाही आणि मिररलेसवर तर प्रश्नच उरत नाही.

आता माझ्या नोक्टनची खोड. पहिल्या आवृत्तीच्या या लेन्समध्ये फोकस शिफ्ट आहे, म्हणजे ॲपर्चर बदललं की फोकस सरकतो. एफ १.४ ला नेमका साधलेला फोकस एफ २.८ केल्यावर मागे सरकतो. रेंजफाइंडरला याचा पत्ता नसतो, कारण तो लेन्समधून बघतच नाही. मग एकतर एफ १.४ वर काढायचं, नाहीतर थेट ५.६ गाठायचं, मधल्या आकड्यांवर अंदाजाने थोडं पुढे धरायचं. सोनीवर मी आधी २.८ लावतो आणि मग फोकस करतो. जे दिसतं तेच छापलं जातं. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोसिनाने ही खोड बरीच कमी केली. रेंजफाइंडरसाठी घेणार असाल तर जास्तीचे पैसे देऊन तीच घ्या. मिररलेसवर जुनी चालेल.

इथवर वाचून मिररलेस जिंकला असं वाटेल. थांबा. आई भाकऱ्या थापत होती, स्वयंपाकघरात एकच ट्यूबलाइट, आणि मी सोनी घेऊन दारात. एफ १.४ वर या लेन्सला जी मऊ झिलई येते तिच्यामुळे फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडांवर रंगीत ठिपके दाखवणारी सोय, गोंधळतं. परातीच्या कडेवरही रंगीत ठिपके आणि आईच्या चष्म्यावरही. मग चित्र मोठं करून दाखवणारं मॅग्निफायचं बटण दाबायचं. चित्र मोठं झालं की फ्रेम नजरेआड जाते. त्यात थापणारा माणूस मागेपुढे हलतो. चष्म्याची कडा सापडेपर्यंत भाकरी तव्यावर पडून वर पाणी फिरवून झालेलं असतं. पुढच्या रविवारी तीच जागा, तेच अंतर, एम६. चष्म्याच्या दांडीच्या दोन रेषा एक झाल्या की खटका. नऊ फ्रेममध्ये सात जमल्या. मंद उजेडात, हलत्या माणसावर, ३५ मिमीला रेंजफाइंडरइतकं झटपट मला दुसरं काही जमलेलं नाही.

चष्मा लागत असेल त्यांच्यासाठी एक सूचना. मिररलेसमध्ये डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवायचं, चाक असतं, एम६ ला नंबराची काच वेगळी घेऊन स्क्रूने बसवावी लागते. चष्मा लावून २८ च्या फ्रेमलाईन्सचे, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या खिडकीतल्या रेषांचे, कोपरे दिसतही नाहीत.

अंदाजे फोकस आणि अडॅप्टरचा खोटेपणा

टीटीआर्टिझनची २८ एफ ५.६ ही लायकाच्या १९५५ च्या सुमारॉन या लेन्सवर बेतलेली चपटी लेन्स. एफ ५.६ म्हणजे अंधारात निरुपयोगी, पण मंडईत भर दुपारी हिच्यासारखी हीच. एफ ८ लावा, अंतर ३.३ मीटरवर ठेवा: १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं फोकसमध्ये. डोळ्याला कॅमेरा लावला आणि दाबला, एवढंच.

ही युक्ती लेन्सवरच्या आकड्यांवर विसंबून आहे आणि मिररलेसवर ते आकडे बरेचदा खोटं बोलतात. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, म्हणजे अनंताच्या फोकसला अडचण येऊ नये. परिणाम असा की लेन्स ३.३ मीटर दाखवते आणि फोकस भलतीकडेच असतो. मी पर्वतीवर जाऊन सिंहगडावरच्या टॉवरवर फोकस केला तेव्हा माझ्या पहिल्या अडॅप्टरवर अनंत हा लेन्सवरच्या पाच मीटरच्या खुणेपाशी निघाला! असा अडॅप्टर बदला, किंवा खरी खूण कुठे आहे ते पाहून लेन्सवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या.

याच लेन्सचं मिररलेसवर दुसरंही रडगाणं आहे, कोपऱ्यांचं. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते आणि कडेचा उजेड फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. डिजिटलमध्ये सेन्सरवर काचेचा थर असतो, लायकात सुमारे ०.८ मिमीचा, सोनीत दोन मिमीच्या घरातला. या जाड काचेतून तिरका उजेड फाकतो, म्हणून कोपऱ्यातली झाडं पुसल्यासारखी दिसतात. निकॉन झेडचा थर सोनीपेक्षा पातळ, त्यामुळे तिथे हाल कमी. ५० आणि पुढच्या लेन्सना याची झळ लागत नाही. ३५ ला थोडी लागते. २८ किंवा त्याहून वाइड एम लेन्स सोनीसाठी घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो.

ऊन, जवळीक, पैसा

एफ १.४ च्या मोहात पडण्याआधी आपलं ऊन आठवा. ४०० आयएसओची फिल्म, लख्ख ऊन: एफ १६ ला १/४०० सेकंद. एफ १.४ पर्यंत यायचं तर सात स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर १/५०,००० च्या आसपास हवा. एम६ चा शटर १/१००० ला संपतो. म्हणजे दिवसा तुम्ही एफ ११ च्या आसपास अडकलेले. मोठं ॲपर्चर उपयोगी पडतं ते संध्याकाळी आणि घरात. सोनीवर १०० आयएसओ आणि १/८००० मध्ये एफ २ आरामात मिळतं.

जवळून काढायची हौस असेल तर वाद नाही. रेंजफाइंडर साधारण ०.७ मीटरच्या आत येत नाही. मिररलेससाठी हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लांब होणारी कडी, असलेले अडॅप्टर मिळतात. ते लेन्स आणखी पुढे सरकवतात आणि तीच नोक्टन ताटातल्या लोणच्याच्या फोडीपर्यंत पोहोचते.

पैशाचं गणित कडू आहे. लेन्स स्वस्त, पण रेंजफाइंडर बॉडी स्वस्त नाही. डिजिटलमध्ये जुना लायका एम९ मोहात पाडतो. त्याच्या सेन्सरवरच्या काचेला गंज धरण्याचा दोष जगजाहीर आहे, तेव्हा सेन्सर बदलला आहे का हे विचारल्याशिवाय हात लावू नका. त्यानंतरच्या एम २४० मध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधलं चित्र थेट पडद्यावर, आला, म्हणजे कॅम चुकलेली लेन्सही पडद्यावर बघून वापरता येते. बजेट असेल तर मधला मार्ग हाच.

माझं मत विचाराल तर, घरात फुल फ्रेम मिररलेस आहे आणि जुन्या लेन्सची चव बघायची आहे, तर ज्युपिटर-८ आणि एक बरा अडॅप्टर. हेलिओस ४४-२ चा गरगरणारा बोके (फोकसबाहेरच्या भागाचा धूसरपणा) हवा असेल तर तीही, पण ती एसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याच्या, एम४२ माउंटची, लांब अडॅप्टर मागते, रेंजफाइंडरशी तिचं नातं नाही. फिल्मचा रेंजफाइंडर असेल तर नोक्टनची दुसरी आवृत्ती किंवा २८ एफ ५.६. दोन्ही बॉडी असतील तर नोक्टन. ती एससी म्हणजे एकेरी कोटिंग आणि एमसी म्हणजे अनेक थरांचं कोटिंग अशा दोन रूपांत मिळते. समोरच्या दिव्याला पडणारा धूसर पडदा आवडत असेल तरच एससी. नव्वद टक्के लोकांनी एमसी घ्यावी.

मिररलेसवर पहिल्यांदा लावताना मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटर दाबलाच जाणार नाही आणि तुम्ही दुकानदाराला फोन कराल. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर तिथे ३५ हा आकडा स्वतः भरा.

आणि खरी जुनी लेन्स घ्यायला फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आणखी कुठे गेलात, तर मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारा, ॲपर्चर पूर्ण उघडून. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत न वापरता कपाटात पडलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते. "साफ होईल हो" असं विक्रेता म्हणेल. तंतूंनी कोटिंग खाल्लेलं असेल तर साफ केल्यावरही त्याची नक्षी काचेवर राहते. नवी लेन्सही जून ते सप्टेंबर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरतं. माझ्या डब्यातली जेल जुलैत दर दहा दिवसांनी कढईत परतून कोरडी करावी लागते.