पाच लाखांचं कार्ड की गावातलं आरोग्य केंद्र?

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या सुरगाण्याच्या मावशीकडे दोन्ही आहेत. आयुष्मान कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या फळीवर. बीपीच्या गोळ्यांची पट्टी मात्र पदराच्या गाठीला.

कार्डाची ताकद मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. आता याच कार्डाशी जोडलेल्या राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आधी दीड लाखांचं कवच होतं, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर यांत शेत विकायची वेळ टळते. पण कार्ड चालतं अॅडमिट झाल्यावर, यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्याच रुग्णालयात. महिन्याच्या गोळ्या, ओपीडीची तपासणी, नाशिकपर्यंतचं गाडीभाडं खिशातूनच. गेल्या वर्षी मावसभावाला घेऊन नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात गेलो, तर काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. कार्डाचं नंतर बघू, म्हणे!

प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब वेगळा. आदिवासी-डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक, हा निकष. लसीकरण, बाळंतपण, टीबीची औषधं, साधा ताप, सगळं तिथंच, फुकट. आशाताई घरी येऊन विचारते, ‘गोळी घेतली का?’ त्या एका प्रश्नाने टळलेला अर्धांगवायू कुठल्या क्लेममध्ये दिसणार? डॉक्टरची जागा रिकामी असली की मात्र केंद्र म्हणजे नुसती रंगवलेली इमारत.

2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च 2025पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. 2021-22मध्ये तो 1.84 टक्के होता. वाढीव रुपया आला तर मी आधी केंद्रातली रिकामी खुर्ची भरेन.