कबड्डीचा २५ मिमी फोम मॅट: सभागृहात उत्तम, मळ्यात डोकेदुखी

मंडळाच्या सभेत हल्ली कबड्डीचा विषय निघाला की पाठोपाठ मॅटचा निघतो. दातेरी कडांचे, लाल-निळे, एक मीटर बाय एक मीटरचे ईव्हीए फोमचे, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचे चौकोन. गावात किंवा तालुक्याला बंदिस्त सभागृह असेल तर जरूर घ्या. भात कापलेल्या मळ्यात, उघड्या आभाळाखाली सामने भरवणार असाल तर सामन्यांपुरता भाड्याने आणा. विकत घेतलेला मॅट तिथे दोन-तीन हंगामांत पार खलास होतो.

पहिली मेख मापात आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणून दुकानदार सरळ १३० चौकोन हातात ठेवतो. पण काही चौकोनांचं एक मीटर हे दातांसकट मोजलेलं असतं. जोडल्यावर दात एकमेकांत शिरतात आणि हाताशी ९८ सेंटिमीटरच उरतात. मग तेरा चौकोनांची लांबी भरते १२.७४ मीटर. २६ सेंटिमीटर गायब! पैसे देण्याआधी दुकानातच चार चौकोन ओळीत जोडून टेप लावा.

दुसरं, १३० पुरे नाहीतच. मॅट अंतिम रेषेवरच संपला तर मागे सरकणाऱ्या कोपरारक्षकाची (कोपऱ्यात उभ्या बचावपटूची) टाच २५ मिलिमीटर खाली घसरते आणि घोटा मुरगळतो. चारही बाजूंनी किमान एक चौकोन जादा हवा, म्हणजे १५ बाय १२, एकूण १८०. हे जादा पन्नास चौकोन खर्च वाचवायला म्हणून गाळले जातात आणि पहिली दुखापत तिथेच होते.

रेषा मारताना रंगीत चौकोनांच्या भरवशावर राहू नका. १३ मीटरची निम्मी लांबी साडेसहा, म्हणजे मध्यरेषा सातव्या चौकोनाच्या बरोबर पोटातून जाते. निदानरेषा (चढाईत ओलांडायची ती) तिथून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा (जादा गुणाची) त्यापुढे एक मीटर. या दोन्हीही सांध्यावर येत नाहीत. सांध्यावर नेमकं बसतं ते फक्त दोन्ही कडांचं एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र. त्यामुळे दोरी ताणून चिकटपट्टीच लावावी लागते. महिलांचं मैदान १२ बाय ८, निदानरेषा ३ मीटरवर. दोन्ही गटांचे सामने एकाच दिवशी असतील तर पट्ट्यांचे रंग वेगळे ठेवा, नाहीतर बोनसवरून पंचांशी वाद ठरलेलाच.

अंथरायची सुरुवात मध्यभागातून करावी आणि बाहेरच्या बाजूला सरकत जावं. कोपऱ्यातून सुरू केलं तर जराशी तिरपी ओळ शेवटी वीतभर वाकडी जाते. खाली सिमेंटची सपाट लादी हवी. जांभ्याच्या उंचसखल कातळावर किंवा मुरमावर ताडपत्री टाकून अंथरला तर खड्ड्यावरचा चौकोन दबतो आणि शेजारचा दात सुटतो. उन्हाचं गणित आणखी वेगळं. सकाळी घट्ट ठोकून बसवलेला मॅट दुपारी फुगून मधोमध पोट काढतो. वर्षभर ऊन खाल्लेले चौकोन आकसतात ते कायमचेच, मग नवे-जुने एकमेकांत बसत नाहीत. म्हणून सहा-आठ चौकोन पहिल्याच खरेदीत जादा घ्या.

आपल्या कोकण किनाऱ्यावरचा खरा शत्रू मात्र दव. आपले सामने प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत चालतात आणि डिसेंबर-जानेवारीत दहानंतर मॅट ओलसर होतो. माती दव पिते, फोम ते वरच ठेवतो. मध्यंतरात सुक्या फडक्याने पुसायला चार पोरं नेमलेली नसतील तर चढाईपटू वळतानाच आडवा होतो. तांबडी मातीही तशीच घातक: बाहेरून चालत आलेल्या बुटांची धूळ मॅटवर पसरली की पकड गेलीच. मॅटचे बूट मॅटच्या कडेलाच चढवायचे आणि तिथेच उतरवायचे. आणि मातीत खेळायची सवय असलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सामना देऊ नका. मातीत पाऊल थोडं घसरतं, त्यामुळे गुडघा वाचतो. मॅटवर रबरी तळ जिथल्या तिथे चिकटतो, अंग फिरतं, पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. आठवडा-दोन आठवडे नुसतं वळणं आणि थांबणं करून घ्या.

एवढी कटकट आहे तर मातीतच खेळू, असं म्हणणं सोपं आहे. हुतूतू म्हणून खेळला जाणारा हा खेळ मुळात फुकटचाच. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांनी तो वाढवला तो त्याला ना बॅट लागते ना स्टंप म्हणून; दोन चाळींमधली जागा पुरायची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो परदेशात दाखवला. पारतंत्र्यातल्या देशाने आपला देशी खेळ जगापुढे मांडला, यात नुसता खेळ नव्हता. पुढे १९९० साली बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदकाचा मान मिळाला, २००७ ची विश्वचषक स्पर्धा तर आपल्या पनवेलला झाली आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने खेळ घराघरात टीव्हीवर नेला. आता वरच्या पातळीवरचा सगळा खेळ मॅटवर आहे. २०१८ साली जाकार्तात कुस्तीची जुनी परंपरा असलेल्या इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत २७-१८ आणि महिलांना अंतिम फेरीत २७-२४ असं हरवलं, तेव्हा हा खेळ फक्त आपला राहिला नाही हे कळून चुकलं. अशा वेळी ज्या गावात मॅट नाही तिथला पोरगा निवड चाचणीला गेल्यावरच पहिल्यांदा मॅटवर उभा राहतो. फुकटच्या खेळाला अशी किंमत चिकटली, आणि म्हणूनच मॅट हे पुढाऱ्यांचं आवडतं दान झालं. दिलेल्या मॅटवर नाव छापायचा आग्रह झालाच, तर ते रेषेबाहेरच्या चौकोनांवर घ्या. मैदानातल्या चौकोनावर जाड रंगाचा थर बसला की तिथेच पाय सरकतो.

साठवण सोपी, पण शिस्तीची. साबणाच्या पातळ पाण्याने पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, सपाट थप्पी लावा. ओला रचला तर पावसाळ्यात बुरशी धरते आणि तो वास जाता जात नाही. गुंडाळू नका, उभा टेकवूनही ठेवू नका, वाक येतो. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त करा, कारण ते नेमके दातच कुरतडतात. उचलताना दोघांनी मिळून चौकोन आधी सुटा करायचा. घाईत अख्खी ओळ ओढली की कोपऱ्यातला दात फाटतो, आणि फाटलेल्या दाताला कुठलाही डिंक टिकत नाही.