इग्वासूला एकटं जायचंय: ब्युनॉस आयर्सकडून की रिओकडून?

पंधरा दिवसांची रजा, पाठीवर एक सॅक आणि सोबत कुणी नाही, अशा प्रवाशासाठी हे लिहिते आहे. इग्वासूचा धबधबा अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवर आहे. त्यामुळे तिकीट काढण्याआधीच ठरवावं लागतं, की ब्युनॉस आयर्सला राहून अर्जेंटिनाच्या बाजूने जायचं की रिओला राहून ब्राझीलच्या बाजूने. हॉस्टेलमध्ये भेटलेली युरोपातली मुलं सकाळी एका देशात आणि दुपारी दुसऱ्या देशात फिरून येत होती. आपल्याला सहसा दोन्हीकडचे वेगळे व्हिसा काढावे लागतात, म्हणजे कागदपत्रं, खर्च आणि हेलपाटे दुप्पट. व्हिसाचे नियम मध्येमध्ये बदलतात, तेव्हा आधी दोन्ही देशांच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासांची माहिती वाचा.

मी दोन्ही बाजू पाहिल्या. एकच व्हिसा काढायचा असेल तर मी अर्जेंटिनाचा काढेन. पण माझं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पाण्याजवळ किती जायचंय?

एकूण २७५ च्या आसपास धारा आणि पावणेतीन किलोमीटरची कमान. त्यातल्या बहुतेक धारा अर्जेंटिनाच्या हद्दीत पडतात. म्हणून अर्जेंटिनात तुम्ही धबधब्याच्या आत फिरता आणि ब्राझीलमधून तो समोर पूर्ण दिसतो. हा फरक तिथले सगळेच सांगतात आणि तो खरा आहे. पायांना तो कसा जाणवतो, ते मात्र चालल्याशिवाय कळत नाही.

अर्जेंटिनाच्या उद्यानात वरची वाट आणि खालची वाट अशा दोन पायवाटा आहेत. वरच्या वाटेवर पाणी तुमच्या पायाखालून कड्याकडे जातं आणि अचानक संपतं. खालच्या वाटेवर तेच पाणी अंगावर येतं. शिवाय जंगलातली छोटी रेल्वे आहे. तिच्या शेवटच्या स्थानकावरून नदीवर बांधलेल्या लोखंडी पुलावरून किलोमीटरभर चालत गेलं, की ‘सैतानाचा घसा’ येतो. चालताना दोन्ही बाजूंना नदी इतकी संथ असते की पुढे काही आहे यावर विश्वास बसत नाही. मग समोर पांढरा धूर दिसतो, आणि कठड्याशी पोचल्यावर ऐंशी मीटरच्या आसपास खोल घळीत तीन बाजूंनी पाणी कोसळताना दिसतं. मी तिथे चाळीस मिनिटं उभी होते. सोबत कुणी असतं तर दहा मिनिटांत ‘चला’ म्हटलं असतं. पूर्ण उद्यान बघायला सहा-सात तास सहज जातात. दुसऱ्या दिवशी परत यायचं असेल तर तिकिटावर सवलत मिळते का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री चांदण्यात घशापर्यंत नेतात. तारखा जुळत असतील तर त्याभोवती सगळी सहल बसवावी, इतकं ते मोलाचं आहे.

ब्राझीलकडे फाटकापासून उद्यानाचीच बस आत सोडते. पुढे सव्वा किलोमीटरची एकच वाट आहे. प्रत्येक वळणावर समोरचा देखावा मोठा होत जातो आणि शेवटी घशाच्या तळाशी पाण्यावर काढलेल्या पुलावर तुम्ही चिंब भिजता. वर यायला लिफ्ट आहे. अडीच-तीन तासांत सगळं आटोपतं. गुडघे दुखत असतील, एकच सकाळ हाताशी असेल किंवा धबधब्याचा पूर्ण आकार एका नजरेत हवा असेल, तर ब्राझील बिनतोड आहे. फोटोही तिथलेच चांगले येतात, कारण अर्जेंटिनाच्या बाजूला तुम्ही इतके जवळ असता की चौकटीत काही मावतच नाही.

एका गोष्टीने मला दोन्हीकडे गहिवरून आलं. हे कडे बेसॉल्टचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले, आपल्या सह्याद्रीसारखेच, म्हणून धबधबाही पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वयाने मात्र हा कातळ आपल्या दख्खनच्या दुप्पट: आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला तेरा कोटींच्या आसपास. वर माती कोकणासारखी लाल. बूट धुताना पाणी लाल झालं तेव्हा घरची आठवण आली.

पाण्याची लहर सांभाळावी लागते. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी प्रवाह सेकंदाला २ कोटी ४० लाख लिटरपर्यंत चढला होता. एरवी तो १५ लाखांच्या आसपास असतो. अशा पुरात पूल बंद होतात, तुटतातही. त्यामुळे उद्यानाची ताजी सूचना पाहूनच निघा, आणि सीमेवर निदान दोन रात्री ठेवा. आणखी एक, दोन्ही उद्यानांत कोआटी नावाचे लांब नाकाचे प्राणी फिरतात आणि पिशवीतलं खाणं हिसकावतात. चावल्यावर हाताचं काय होतं, याचे फोटो तिथे लावलेले आहेत. ते लावण्यामागे कारण आहे.

शहर: तुमचा स्वभाव काय?

एकटीने फिरायला ब्युनॉस आयर्स मला फार मानवलं. सपाट, सरळ रस्ते, जागोजागी कॅफे, आणि एकट्या माणसाने तासभर एक कॉफी घेऊन बसणं तिथे अगदी नेहमीचं. लोक रात्री नऊ-दहाला जेवायला बाहेर पडतात. त्यामुळे पालेर्मोसारख्या भागात रात्री रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि एकटेपणाची भीती वाटत नाही. १९१३ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे आणि शहर बस एकाच ‘सुबे’ कार्डावर चालतात. पहिल्याच दिवशी ते घ्या. रविवारी सान तेल्मोचा जुना बाजार बघा. एका जुन्या नाट्यगृहात थाटलेलं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे प्रेक्षकांच्या जुन्या बॉक्समध्ये बसून वाचता येतं.

पण माझ्यासाठी या शहरातला सगळ्यात मोठा तास गुरुवारी दुपारचा होता. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया १९७७ पासून दर गुरुवारी प्लासा दे मायो या चौकात डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेरी मारतात. आता त्या फार थोड्या उरल्या आहेत, सोबत तरुण मुलं असतात. प्रवासाचा आराखडा करताना एक गुरुवार शहरात येईल असं बघा. दुसरी जागा सान इसिद्रो, शहराबाहेर नदीकाठी. १९२४ साली आजारी पडलेले रवींद्रनाथ टागोर अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात इथे राहिले होते. लोकलने सहज जाऊन येता येतं.

रिओ दिसायला याच्या कितीतरी पट देखणं. डोंगर, समुद्र आणि शहर इतक्या जवळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि मी मुंबईची आहे. ७१० मीटर उंचीच्या कोर्कोवादोवर १९३१ पासून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा, साखरेच्या ढेपेसारख्या डोंगरावर जाणारी १९१२ ची केबल कार, ही ठिकाणं बघायचीच. मला जास्त भावलं ते तिजुकाचं जंगल. कॉफीच्या मळ्यांनी उजाड झालेले डोंगर १८६१ पासून पुन्हा झाडं लावून हिरवे केले, आणि आज शहराच्या मध्यावर घनदाट अरण्य आहे. शहराचं पाणी आटू लागलं, म्हणून हे काम हाती घेतलं होतं.

मराठी कानाला रिओत एक खास आनंद आहे. पाव, चावी, बटाटा, काजू हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिले आणि तिथे ते थोड्या वेगळ्या उच्चारात रोज ऐकू येतात. काजूचं झाड तर ब्राझीलमधूनच गोव्यात आलं. रसाच्या दुकानात काजूच्या बोंडूचा रस मिळतो. तो प्यायल्यावर गोव्याचा उन्हाळा आठवतो.

तरी रिओत मन मोकळं सोडता आलं नाही. फोन रस्त्यावर हातात धरायचा नाही, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर जायचं नाही, रात्री चालण्याऐवजी ॲपवरची टॅक्सी करायची. हे नियम मी पाळले आणि मला काही झालं नाही. पण सोबत कुणी नसताना दिवसभर असं सावध राहून थकायला होतं. खिसेकापू ब्युनॉस आयर्समध्येही आहेत, आणि ला बोकासारख्या भागात दिवसाउजेडी रंगीत गल्लीपुरतंच थांबावं. तिथे जपायच्या जागा थोड्या आहेत, रिओत त्या शोधाव्या लागत नाहीत. समुद्रात पोहायला आणि हॉस्टेलमधल्या गटात मिसळायला आवडत असेल, तर रिओचा हा ताण जाणवणारही नाही.

पोचणं आणि जेवण

ब्युनॉस आयर्सच्या रेतीरो स्थानकावरून पुएर्तो इग्वासूला, म्हणजे अर्जेंटिनाच्या बाजूच्या गावाला, स्लीपर बस जाते. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, वेळ सतरा-अठरा तास. सीट जवळजवळ आडवी होते, एका रात्रीचा हॉस्टेलचा खर्च वाचतो, आणि पहाटे खिडकीबाहेर लाल माती नि येर्बा मातेचे (तिथल्या चहासारख्या पेयाच्या पानांचे) मळे लागतात. मला ती बस आवडली. रिओहून ब्राझीलच्या बाजूच्या फोझ दो इग्वासू शहराला बसने पूर्ण एक दिवस जातो. तिथे विमानच घ्या, दोन तासांचा प्रश्न आहे. फोझचा विमानतळ उद्यानाच्या अगदी जवळ आहे आणि शहर बस क्रमांक १२० थेट फाटकाशी सोडते. पुएर्तो इग्वासूहूनही उद्यानाची बस दिवसभर असते, आणि ते गाव इतकं छोटं आहे की सगळं चालत होतं. फोझ मोठं आणि पसरलेलं आहे.

शाकाहारी माणसासाठी ब्राझील सोपं. ‘पोर किलो’ खाणावळीत ताट भरायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. भात, भाज्या, कोशिंबिरी सगळं असतं. काळ्या घेवड्यात मांसाचे तुकडे असू शकतात, तेवढं विचारा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्याच पिठाची चीज घातलेली गोळाभाकरी, ‘पाँव दे केजो’, मी रोज खाल्ली. अर्जेंटिनात मांसाचं राज्य आहे. मक्याचं किंवा कांदा-चीजचं सारण घातलेली एम्पानादा, म्हणजे भाजलेली करंजीच, आणि पिझ्झा यावर दिवस निघतात, पण आठवड्याने कंटाळा येतो.

या दोन्हींपैकी कुठल्याही देशातून आलात तरी परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. केंद्रांवर तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच हे काम उरका.

दोन्ही व्हिसा मिळाले तर

मग क्रम महत्त्वाचा. आधी रिओ, मग ब्राझीलची बाजू, मग सीमा ओलांडून अर्जेंटिना आणि शेवटी ब्युनॉस आयर्स. मी उलटं केलं. सैतानाच्या घशाच्या काठावर उभं राहून आल्यावर ब्राझीलचा तो भव्य देखावा मला लांबचा वाटला, आणि त्याची रुखरुख अजून आहे. आधी तो समोरून बघावा, मग त्यात शिरावं.

सीमेवरची बस ब्राझीलच्या चौकीवर थांबवायला चालकाला स्वतःहून सांगा. स्थानिक लोकांना शिक्का लागत नसल्याने ती पुढे निघून जाते. उतरा, पासपोर्टवर शिक्का घ्या आणि पुढच्या बसची वाट पाहा. मग पूल लागतो. त्याचा कठडा एका बाजूला हिरवा-पिवळा रंगवलेला आहे, आणि मध्यावर आलं की फिका निळा-पांढरा होतो.