रोड सायकलवर हवेची सोय: हातपंप, सीओटू की बॅटरीवरचा पंप?

खान्देशात सायकल चालवणाऱ्याने पंप निवडताना ग्रॅम मोजण्याआधी काटे मोजावेत. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर रावेरपासून शहाद्यापर्यंत बाभळीचे काटे आणि सराटे, तर धुळे–जळगाव–भुसावळ हायवेवर फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा. एक पंक्चर काढलं म्हणून त्या दिवशी दुसरं होणार नाही, याची खात्री इथे कुणी देऊ शकत नाही. एकच वस्तू घ्यायची असेल तर रबरी नळीचा मिनी हातपंप घ्या. बाकी दोन्ही पर्याय, म्हणजे सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) छोटं काडतूस आणि बॅटरीवरचा पंप, त्याच्या जोडीला चांगले, त्याच्या जागी नाहीत.

हातपंप

याची हवा संपत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. मोबदला घामाने द्यावा लागतो. २५ मिमीचं टायर ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) न्यायला साधारण २०० ते ३०० फटके लागतात. साठपर्यंत सहज जातं, पुढे दांडा जड होत जातो. जाड नळकांड्याचे पंप एमटीबीसाठी, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइकसाठी असतात. ते एका फटक्यात जास्त हवा देतात, पण जास्त दाबाला अडतात. रोड सायकलला बारीक नळकांड्याचा बघा.

व्हॉल्व्हवर थेट बसणारं तोंड टाळा. प्रत्येक फटक्याचा हिसका रोड सायकलच्या बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्हला बसतो, आतली बारीक दांडी वाकते किंवा ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते, आणि तिथे पॅच बसत नाही. रबरी नळी असली की हा प्रश्न मिटतो. तिची एक खोड मात्र आहे: आट्यांची नळी काढताना व्हॉल्व्हचा कोअरच (आतला सुटा होणारा भाग) सोबत फिरून बाहेर येतो आणि सगळी हवा जाते. म्हणून नवी ट्यूब पिशवीत ठेवण्यापूर्वीच कोअर चावीने घट्ट करा. नळीवर हवा सोडायचं बटण असेल तर आधी ते दाबा, मग आटे सोडा.

तोरणमाळचा घाट किंवा ३००–४०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) डोक्यात असेल, तर पाय ठेवायची पट्टी असलेला पंप घ्या, टोपीक रोड मॉर्फसारखा. जमिनीवर टेकवून अंगाच्या भाराने दाबता येतो, त्यामुळे शेवटचे वीस पीएसआय हाताच्या बळावर काढावे लागत नाहीत. फ्रेमवर तो लांबलचक दिसतो, दिसू द्या.

सीओटू

वेग हवा तर याला तोड नाही. १६ ग्रॅमचं एक काडतूस २५ मिमीच्या टायरला काही सेकंदांत १०० पीएसआयच्या वर नेतं, २८ मिमीला शंभरच्या आसपास. इथेच सांभाळा: हुकलेस रिमची (टायरची कड अडकवायला आत आकडा नसलेल्या रिमची) मर्यादा ७२.५ पीएसआय असते, म्हणजे पूर्ण काडतूस सोडलं तर धोका. प्रवाह थांबवता येणारं, नॉबचं तोंडच घ्या. वायू गार असतो, तो तापला की दाब आणखी थोडा चढतो, तेही धरून चाला.

खरी अडचण म्हणजे संधी एकदाच मिळते. टायरमधली तार राहिली किंवा ट्यूब बीडखाली, म्हणजे टायरच्या कडेखाली चिमटली, तर काडतूस वाया. टायर आतून बोटाने सावकाश चाचपा, ट्यूबला हातपंपाने गोल होईपुरती हवा द्या, दोन्ही बाजूंचा बीड बसलाय का पाहा, मगच काडतूस फोडा. ते क्षणात बर्फासारखं होतं, उघड्या हाताने धरू नका. सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) असेल तर व्हॉल्व्ह वर ठेवून भरा, नाहीतर सीलंट गोठून गोळा होतं. आणि एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत काडतुसं ठेवू नका. बहुतेकांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

बॅटरीवरचा पंप

मुठीत मावणारे हे पंप एका मिनिटाच्या आसपास रोडचं टायर भरतात, दाब ठरवता येतो, हात दुखत नाहीत. हातात ताकद कमी असणाऱ्यांना हा फार मोठा आधार आहे. पण लहान मॉडेल एका चार्जवर एखाद-दुसरं टायरच नीट भरतं. तोंड इतकं तापतं की चटका बसतो, म्हणून रबरी नळी लावूनच वापरा. पिशवीत महिनाभर पडून राहिला तर चार्ज उतरलेला असू शकतो. लांबच्या राइडच्या आदल्या रात्री चार्ज करा.

ठेवायचा कुठे

हातपंप बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूवर, क्लिप आणि वेल्क्रो पट्टा लावून. जर्सीच्या पाठीमागच्या मधल्या खिशात कठीण वस्तू नको. पडलात तर नेमकी मणक्यावर येते. काळ्या मातीची धूळ पंपाच्या तोंडात शिरते आणि वायसर झिजतो, म्हणून तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. काडतूसही फडक्यात गुंडाळा, नाहीतर घासून घासून सुट्या ट्यूबलाच भोक पाडतं.

या सगळ्यासोबत प्रेस्टा–श्रेडरचा पितळी अडॅप्टर ठेवाच. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकल-ट्रकच्या, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्हचा असतो, तुमच्या व्हॉल्व्हवर तो बसतच नाही. आधी प्रेस्टाची छोटी चकती सैल करा, मग अडॅप्टर फिरवा. आणि दादांना सांगा, हवा एकदम नको, क्षणभर देऊन थांबा. रोडच्या ट्यूबमध्ये जेमतेम लिटरभर जागा असते, ट्रकच्या दाबाला ती बघता बघता फुटते.