देवगडच्या कातळावर थंड कॅमेरा: ८ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात आकाशाचे फोटो काढायला घेतलेला, सेन्सर थंड करणारा रंगीत कॅमेरा परवा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात गेला. आता पावसाळा सरेपर्यंत सुट्टी.

आधी दुर्बिणीला साधा डीएसएलआर लावायचो. त्याच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. मृगातला तेजोमेघ फिकट जांभळा यायचा, रोझेट तेजोमेघ तर शोधावा लागे. नव्या कॅमेऱ्याच्या ३ मिनिटांच्या पहिल्याच फोटोत रोझेटचं लाल कडं उमटलं. पैसे तिथेच वसूल.

खोक्यावर लिहिलंय, हवेपेक्षा ३५ अंश थंड. खरं आहे, पण एप्रिलात आमच्याकडे रात्रीही २७ अंश असतात. उणे १० मागितलं की कूलर १०० टक्क्यांवर धापा टाकतो, तापमान हलत राहतं आणि डार्क फ्रेम (झाकण लावून त्याच तापमानाला काढलेले, सेन्सरचा कचरा वजा करायचे फोटो) जुळत नाहीत. मी आता मुकाट ० वर ठेवतो. बॅटरीही जास्त टिकते.

खरा वैरी दमटपणा. जानेवारीत फोटोच्या मधोमध बुरशीसारखा गोल डाग आला. सेन्सर गेला म्हणून रात्रभर झोप नाही! आत शिरलेलं बाष्प गोठलं होतं, एवढंच. आतल्या शोषक गोळ्या सुकवून घातल्या, डाग गेला. दुर्बिणीच्या तोंडाला हीटरचा पट्टा हवाच. नाहीतर दहानंतर आभाळ भरून आलं असं वाटतं आणि ढग असतो भिंगावर. माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीच्या, स्क्रूंना खाऱ्या वाऱ्याने तीन महिन्यांत गंज धरला, आता तेलाचं फडकं फिरवतो.

माउंट ध्रुवाकडे बघून जुळवायचा असतो, आणि ध्रुव इथे क्षितिजावर जेमतेम साडेसोळा अंशांवर. आमच्या खळ्यातून तो नेमका शेजारच्या काकांच्या माडाच्या झावळ्यांत. "माड तोडूक सांगू नको, बाकी काय व्हया ता मांड," काका आधीच म्हणाले. म्हणून सगळं बिऱ्हाड गडग्यापलीकडच्या कातळावर. पश्चिमेला मच्छीमार बोटींचे दिवे असतात, तिकडे कॅमेरा वळवतच नाही.

दक्षिण मात्र मोकळी. एप्रिलात रात्री दहाच्या सुमारास करीना तेजोमेघ क्षितिजावर १४ अंश चढतो. त्याचे ४० फोटो काढले, धुरकट हवेमुळे २२ टाकून दिले. उरलेले १८ एकावर एक रचून झालेला फोटो भिंतीवर लावला आहे, आणि हो, त्यात एका कोपऱ्यात झावळीचं टोक आलंय.